ओठ हलत होते, आवाज नव्हता: जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या त्याची हकिगत

दिवाळीची आवराआवर चालू होती. २० ऑक्टोबर २०२४, रविवार. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली तर आत सात व्हिडिओ कॅसेटी. आमचं जुनं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा खालच्या मजल्यावरचं काहीच राहिलं नाही. ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली, पण ओल वर चढायची ती चढलीच. दोन कॅसेटींच्या काचेतून रिळावर पिठासारखी पांढरी बुरशी दिसत होती.

मला खरं तर दोनच हव्या होत्या. दादाची मुंज, १९८९. ताईचं लग्न, मे १९९२. दोन्हीत आजी आहे. ती १९९६ साली गेली. तिचे फोटो ढीगभर आहेत, आवाज मात्र या दोन कॅसेटींखेरीज कुठेच नाही.

मुंजीची कॅसेट आम्ही २००९ मध्ये एका दुकानात देऊन डीव्हीडी करून घेतली होती. चित्र बरं आलं. घाणा भरताना आजी ओव्या म्हणतेय, ओठ हलतायत, आणि ऐकू येतेय ती नुसती घरघर. दुकानदार म्हणाला, "कॅसेटचाच आवाज गेलाय, त्याला काही इलाज नाही." त्याने तीनशे रुपये घेतले आणि आम्ही पंधरा वर्षं ते वाक्य खरं मानून बसलो. मी बँकेत काम करते, दुसऱ्याने केलेली बेरीज पुन्हा तपासायची हा माझा रोजचा उद्योग, पण हे तपासावं असं कधी मनात आलं नाही.

पहिली अडचण व्हीसीआरची, म्हणजे कॅसेट लावायच्या मशीनची. नवा मिळत नाही. ऑफिसातल्या एकाच्या तासगावच्या मेव्हण्याकडे एक पडून होता, तो साडेतीन हजारांना मिळाला. घेताना समोर चालवून घ्या: कॅसेट आत जाते का, बाहेर येते का, पुढे-मागे नीट पळते का. आणि पहिली कॅसेट आपली लाडकी घालू नका. मी शेजारच्यांची एक टाकाऊ कॅसेट आधी घातली आणि बरं झालं, कारण मशीनने तिची दोन वीत टेप चावली. पट्टा बदलायला दोनशे रुपये गेले. वर्षानुवर्षं पडलेली कॅसेट लावण्याआधी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे घ्यायची, म्हणजे रिळावरची टेप सारख्या ताणाने गुंडाळली जाते. बुरशीच्या दोन मी मशीनजवळही नेल्या नाहीत. ती बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागली की पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते.

व्हीसीआरचं चित्र आणि आवाज कॉम्प्युटरवर घेणारी यूएसबी पट्टी, पिवळी-पांढरी-लाल वायरवाली, ४ नोव्हेंबरला ऑनलाइन मागवली. बाराशे पन्नास रुपये. ८ ला आली. ओबीएस नावाचं रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, मुंज लावली. चित्र लगेच आलं. आवाजाचा काटा मात्र हलेना. घरघरसुद्धा नाही.

इथे मी चूक केली ती सांगते. व्हीसीआर थेट टीव्हीला जोडून ऐकायला हवा होता. टीव्हीवर आवाज घोगरा का होईना, पण येत होता. म्हणजे दुखणी दोन होती: एक टेप ते व्हीसीआर या टप्प्यातलं, दुसरं व्हीसीआर ते कॉम्प्युटर या टप्प्यातलं. मी दोन्ही एकच धरली आणि पट्टीला दोष देऊन मोकळी झाले.

परत करण्याची मुदत सात दिवसांची. पैसे परत नाहीत, फक्त बदली वस्तू. त्यासाठी अर्ज, कारणाच्या यादीतून कारण निवडा, बिघाड दिसेल असा तीस सेकंदांचा व्हिडिओ जोडा. न येणारा आवाज व्हिडिओत कसा दाखवायचा याचा मी बराच वेळ विचार केला. शेवटी काटा हलत नाही तोच चित्रित करून पाठवला. १४ तारखेला माणूस येऊन जुनी घेऊन गेला, १९ ला नवी आली. २० ला मतदानाची सुट्टी होती. बोटाला शाई लावून घरी आले, नवी पट्टी जोडली. पुन्हा तीच शांतता.

मुलगी वालचंदला इंजिनिअरिंगला आहे, ती तेव्हा घरीच होती. सोफ्यावरून न उठता म्हणाली, "आई, मायक्रोफोनची परमिशन बघितलीस का?"

तर ते असं होतं. ही पट्टी विंडोजला मायक्रोफोन वाटते. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत मायक्रोफोनच्या पानावर 'डेस्कटॉप ॲप्स'चं बटण बंद असेल, तर चित्र येतं आणि आवाज अडवला जातो. बटण चालू केलं, काटा उडाला. बारा दिवस आणि एक निर्दोष पट्टी. ज्या कुणाला ती परत गेलेली पट्टी मिळाली असेल, त्याला बहुधा चांगलीच लागली असेल.

मायक्रोफोन समजण्याचा दुसरा त्रास थोडा छुपा आहे. विंडोज आवाज 'सुधारायला' जातं. मागची गडबड गोंगाट समजून दाबतं, आणि आजीसारखं कुणी हळू बोललं की शब्दाचं शेपूट कापतं. साउंड सेटिंग्जमध्ये त्या पट्टीच्या नावावर जाऊन 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. आवाज फक्त डाव्या कानात येत होता, तो प्रश्न पाच मिनिटांचा: आमचा व्हीसीआर मोनो, पांढरी वायर एकच. ओबीएसमध्ये 'मोनो'वर टिक केलं की दोन्ही कानांत येतो. काटा कमाल उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील एवढाच आवाज ठेवा. ताशा वाजला की लाल होईल असा ठेवलात तर तो फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

मग एक गूं गूं उरली. अखंड, खालच्या पट्टीतली. हिच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे: व्हीसीआरवर स्टॉप दाबा. टेप थांबल्यावरही गूं गूं चालूच असेल तर ती टेपमधली नाही, वायरीतली किंवा विजेची आहे. माझी चालूच होती. लॅपटॉपचा चार्जर काढला, गायब. पण बॅटरी दीड तास टिकते आणि कॅसेट तीन तासांची. चारशे रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर ऑडिओच्या वायरीत मध्ये लावला, मग चार्जर लावूनही शांत. गाडीतली स्टिरिओ बसवणाऱ्यांकडे ही डबी मिळते. तिथे 'गूं गूं घालवायची डबी' म्हटलं तरी कळतं.

आता कॉम्प्युटरवर टीव्हीसारखाच आवाज येऊ लागला. म्हणजे गोधडीखालून कुणी बोलावं तसा. कॉम्प्युटरकडचं दुखणं संपलं, टेपकडचं राहिलं.

मिरजेत, सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीपासून जवळच, एक जुने मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर, मोटरवाली सूरपेटी, काहीही उघडतात. २३ नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी गेले, तर तो नेमका निकालाचा दिवस. रस्त्यात गुलाल, फटाके, दुकानाचं शटर अर्धं. चाचांनी वहीत लिहून घेतलं: नाव, मशीन, आणि बिघाडाच्या रकान्यात 'घोगरा'. चिठ्ठी दिली. "आज कान चालायचे न्हाईत ताई, ठेवून जावा." तीनदा फोन करूनही 'बघतो' हेच उत्तर. शेवटी १४ डिसेंबरला, दुसऱ्या शनिवारी, मुंजीची कॅसेट घेऊन समोर जाऊन बसले. दुरुस्ती तुमच्या कॅसेटीवरच करून घ्यायची असते, म्हणून हे समोर बसणं आवश्यकच होतं.

त्यांनी झाकण काढलं. व्हीएचएसमध्ये, म्हणजे आमच्या जातीच्या कॅसेटीत, चित्र फिरत्या ड्रमवरची हेडं वाचतात, आणि साधा आवाज टेपच्या वरच्या काठावर मिलिमीटरभर पट्टीत सरळ रेघेत असतो. तो वाचायला एक छोटं स्थिर हेड असतं, ड्रमच्या पुढे, टेप बाहेर पडते तिथे. तिथून टेप सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. गाण्याची साधी ऑडिओ कॅसेट याच्या दुप्पट वेगाने पळते. एवढ्या हळू चालीत हेडवर जरा मळ बसला किंवा ते केसभर तिरकं झालं, की 'स', 'श', 'च' ही अक्षरं आधी जातात. उरते ती घरघर. चित्राचं ट्रॅकिंग, म्हणजे चित्राची हेडं टेपवरच्या रेघांवर नीट बसवायचं बटण, कितीही फिरवा, तिला फरक पडत नाही. मी उगाच फिरवत होते.

आधी साफसफाई. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते नको. आवाजाचं हेड त्यांनी कापसाच्या काडीने पुसलं, काडी तपकिरी झाली. ड्रमला मात्र काडी लावू दिली नाही. "तिथं कापूस अडकतोय आणि हेड तुटतंय." ड्रमला त्यांनी ओला शामॉय, म्हणजे मऊ चामड्याचं कापड, धरला आणि ड्रम हाताने हळूच फिरवला. कापड वर-खाली घासायचं नाही.

आवाज थोडा उजळला, पण अजून ओव्यांचे शब्द लागेनात. मग चाचांनी हेडच्या बाजूच्या एका बारीक स्क्रूवर मार्करने रेघ मारली, आत्ता तो कुठे आहे याची खूण म्हणून. हेडभोवती असे तीन-चार स्क्रू असतात, बाकीच्यांना त्यांनी हात लावला नाही. बाकीचे फिरवले तर आवाजच काय, चित्रही हातचं जातं, म्हणून घरी हा प्रयोग करायच्या आधी दहा वेळा विचार करा. कॅसेट चालू, हेडफोन माझ्या कानाला, स्पीकर त्यांच्यासाठी. एवढासा पेचकस, आणि एका वेळी पाव फेऱ्याहून कमी. शेजारच्या दुकानात कुणीतरी तंबोऱ्याची तार छेडत होतं, थांबत होतं, पुन्हा छेडत होतं.

"जवारी लावतात बघा शेजारी," चाचा म्हणाले, "तसंच हाय हे. मीटर लागत न्हाई. अक्षर सुटं झालं की सांगा." जवारी म्हणजे तार नीट गुंजावी म्हणून तंबोऱ्याची घोडी कानाने ऐकत जुळवणं.

घरघर. घरघर. मग घरघरीत एक कड आली. मग एकदम जणू कुणी दार उघडलं आणि माजघरातला आवाज ओटीवर आला: बांगड्या, मुसळाचे ठोके, आणि 'पहिली माझी ओवी गं'. मी हात वर केला. चाचांनी पेचकस उचलला, तर आवाज परत किंचित मळला. पुन्हा एक धागाभर मागे. बस्स.

टेपचा आवाज गेलाच नव्हता. १९८९ साली ज्या कॅमेऱ्यावर भरला त्याचं हेड थोडं वेगळ्या कोनात होतं, एवढंच. म्हणून हा कोन फक्त या कॅसेटीपुरता. काम झालं की स्क्रू खुणेवर परत आणायचा, नाहीतर बाकीच्या कॅसेटी घोगऱ्या होतात.

लग्नाची कॅसेट सहज दाखवायला नेली होती. तिचा आवाज खणखणीत आहे, पण तो लग्नाचा नाहीच. त्या काळी शूटिंगवाल्याला 'मिक्सिंग'चे वेगळे पैसे देत. हळदीपासून वरातीपर्यंत वर सनई आणि सिनेमाची गाणी, खाली माणसं मुकाट तोंडं हलवतात. आम्ही ते लग्न तसंच पाहत आलो होतो. चाचांनी ती त्यांच्या स्वतःच्या मोठ्या व्हीसीआरमध्ये घातली. पॅनेलवर एक लहान दिवा लागला. 'हाय-फाय'.

"अरेच्चा," म्हणाले, आणि एक बटण दाबलं. गाणं गेलं. मांडव आला. खुर्च्या सरकवल्याचा आवाज, कुणाचं तरी पोर, लाउडस्पीकरवर 'मुलीच्या मामांनी ताबडतोब यावे'.

कारण समजून घेतलं ते असं. हाय-फाय मशीनवर आवाज दोन जागी भरला जातो. एक काठावरच्या पट्टीत, दुसरा फिरत्या हेडांनी चित्राच्याच जागी, पण टेपच्या थरात अधिक खोल. मिक्सिंगवाल्याने गाणी भरली ती काठावरच्या पट्टीत. खोलातला आवाज चित्र पुसल्याशिवाय पुसताच येत नाही, म्हणून तो बत्तीस वर्षं तसाच होता. आमचा साधा व्हीसीआर फक्त काठ वाचतो, त्याला तो कधी कळलाच नाही. तुमच्याकडे लग्नाची अशी 'गाण्यांची' कॅसेट असेल तर एकदा हाय-फाय मशीनवर लावून बघा. दिवा लागेलच असं नाही. ज्या मशीनवर ती कॅसेट भरली ते साधं असेल तर खाली काहीच नसतं. पण बघा.

हेड साफ करणं आणि कोन लावणं याचे सहाशे, आणि त्यांचा व्हीसीआर तीन आठवड्यांसाठी सातशे रुपये भाड्याने, दोन हजार अनामत. मुंजीचं काम मात्र आमच्याच मशीनवर, कोन लागला होता तोवर, दुसऱ्या दिवशी सकाळी उरकलं.

मोठ्या व्हीसीआरचं भाडं चालू झालं आणि नवं प्रकरण उभं राहिलं. हाय-फायचा आवाज चित्राच्याच हेडांवर असल्यामुळे त्याला ट्रॅकिंग लागतं. जरा हुकलं की फर्रर्र होतं, आणि मशीन आपणहून काठावरच्या आवाजावर उडी मारतं. म्हणजे आजी उखाण्याला सुरुवात करते, आणि मध्येच अर्धा सेकंद सिनेमातली बाई गाऊन जाते. ट्रॅकिंग ऑटोवरून काढून हाताने एकेक पायरी सरकवत गेले. आवाज जिथे स्थिर झाला, तिथे चित्राच्या तळाला एक पांढरी रेघ आली. ती राहू दिली. मला आवाज हवा होता.

मग चित्र आणि आवाजाची फारकत. सुरुवातीला जुळलेलं, तासाभराने दोन सेकंदांचा फरक. तपासायला लग्नात खुणा भरपूर असतात: मंगलाष्टकं संपून ताशावर पडलेली पहिली काठी, आणि निघताना गाडीच्या चाकापुढे फोडलेला नारळ. दिसतो तेव्हाच वाजला पाहिजे. मी सगळा आवाज थोडा ताणून नारळ जुळवला, तर मधला कन्यादानाचा भाग बिघडला. फरक हळूहळू वाढत नव्हता, उड्या मारत होता. जिथे शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद-चालू केला, तिथे सिग्नल डळमळतो, कॉम्प्युटर काही चित्रं गाळतो, आवाज मात्र पुढे चालू राहतो.

व्हर्च्युअलडब नावाचं जुनं सॉफ्टवेअर गाळलेल्या चित्रांचा आकडा दाखवतं. पहिल्या तासात आकडा त्रेपन्न. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे दोन सेकंदांचा हिशेब बरोबर बसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी टॅली झालं, आणि खरं सांगते, मला आजीच्या आवाजाइतकाच आनंद झाला. मग पट्टी यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावली, बाहेरच्या हार्ड डिस्कऐवजी आतल्या डिस्कवर साठवलं (तासाला तीसेक जीबी लागतात, आधी जागा करा), वायफाय आणि अँटिव्हायरस तेवढ्यापुरते बंद. आकडा अकरावर आला. उरलेल्या उड्या हाताने, त्या-त्या जागी कापून जुळवल्या. चार संध्याकाळी गेल्या.

गोंगाट काढण्याचं सॉफ्टवेअरही करून पाहिलं. जास्त लावलं की माणसं पाण्याखाली बोलल्यासारखी वाटतात. अगदी थोडं लावलं, आणि मूळ फाइल वेगळी ठेवली.

५ जानेवारीला व्हीसीआर परत केला, अनामत मिळाली. सगळं मिळून सात हजारांच्या आत झालं.

१४ जानेवारीला, संक्रांतीला, ताई आली होती. तिळगूळ झाल्यावर टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, ऐकायला कमी येतं, म्हणून हेडफोन दिला. हळदीच्या प्रसंगात आजी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते. गाण्याच्या कॅसेटीत ती आशीर्वाद देतेय असं आम्ही बत्तीस वर्षं समजत होतो. आता स्पष्ट ऐकू येतं: "अरे तो दिवा बाजूला घे की बाबा, डोळं गेलं माझं. आणि जेवलास का तू?"

आईने ते चार वेळा लावायला सांगितलं. मग हेडफोन काढून म्हणाली, "तो शूटिंगवाला जेवला नव्हता. मीच मागनं ताट दिलं होतं त्याला."

बुरशीच्या दोन कॅसेटी अजून वर्तमानपत्रात गुंडाळून, बाकीच्यांपासून लांब, कपाटावर आहेत. चाचा म्हणालेत, एप्रिलमध्ये आणा, हवा कोरडी असतेय.